एकतिसावा

त्या हंगामाला आता सव्वीस वर्षं होतील.
नोव्हेंबरात लागला, मार्चात संपला,
एवढंच खात्रीने सांगते. बाकीचं सगळं
वडगावच्या बाजार गल्लीत, मोटर वाइंडिंगच्या दुकानातून पाहिलेलं,
दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेल्या
चौदा इंची टीव्हीवर.

बाबांनी डिश गच्चीवर बांधली होती, सायकलच्या रिमला, तारेने.
शनिवारी रात्री चॅनल लागायचा, म्हणजे
अर्ध्या मुंग्या, अर्धा बर्फ,
आणि बर्फ कुठला नि मुंग्या कुठल्या
ते फकिरप्पा सांगायचा, वॉर्निशचा ब्रश हातात तसाच.

माणसं उकिडवी बसून उतारावरून घरंगळत यायची.
कड संपली की लांब व्हायची, अंगापेक्षा लांब,
पायांतल्या फळ्या कातरीसारख्या फाकलेल्या,
आणि खाली टेकताना
एक पाय पुढे, एक मागे, गुडघा मोडून,
थोरल्या माणसासमोरून वाकून गेल्यासारखी.

बोलणारा कुठल्या भाषेत बोलायचा, कळलं नाही.
बरंच झालं ते.
त्याच महिन्यात आमच्या पाटीवरच्या एका भाषेला
कुणी डांबर फासलं होतं.
कुठल्या, ते सांगत नाही.

फकिरप्पा ओरडायचा, "हारिदा!"
बाबा म्हणायचे, "उडाला म्हण की."
"तेच की मालक. हारोदु म्हणजे उडणं,
हारोदु म्हणजे उडी बी."
बाबांचा हात हँडलवर थांबला, साठाव्या वेढ्यावर.
"आमच्यात पण तसंच हाय खरं."
मग वेढे चुकले. ती कॉइल पुन्हा भरावी लागली.

पाच पंच, प्रत्येकाचे वीस गुण.
त्यातला सगळ्यांत वरचा आकडा फिका व्हायचा, सगळ्यांत खालचाही.
उरलेले तिघे मोजायचे.
हा नियम आम्हाला कुणी शिकवला नाही,
डिसेंबरभर बघून बघून बाबांनी काढला,
आणि गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले.

आमचा होता हिरव्या हेल्मेटचा.
दुसरी उडी फक्त तिसांना,
आणि हा पठ्ठ्या दर शनिवारी एकतिसावा.
बाबा त्याला धाकलू म्हणायचे, फकिरप्पा सण्णप्पा.
मी वाइंडिंगच्या वहीत मागच्या पानावर लिहायचे: हिरवा, ३१.
हिरवा, ३१.
एकदा हिरवा, ३४. त्या रात्री कुणी जेवलं नाही नीट.

शेवटच्या शनिवारी तो दुसऱ्या फेरीत होता.
कसा, ते बघायला आम्ही उशिरा पोचलो,
अनगोळच्या एका पंपाने खोळंबा केला.
तो दांडीवर बसलेला, वारा उतरायची वाट बघत.
दिवा लाल. दिवा पिवळा.
फकिरप्पाने ब्रश डब्यात ठेवला, पहिल्यांदाच.
दिवा हिरवा.
तो सुटला, कडेला आला, कड सोडली

आणि करंट गेला.

कुणी शिवीसुद्धा दिली नाही.
गल्लीतले माग बंद पडले, तेव्हा कळलं
ते चालू होते.
नंतर बाबा म्हणाले, मेणबत्ती बघ गं.

दुसऱ्या दिवशी फकिरप्पाने कॅम्पातल्या सलूनमधून
दोन्ही भाषांतले पेपर आणले.
दोन्हींत नव्हतं.
एप्रिलात तो चॅनल गेला, त्याजागी भजनं आली.

खरं आम्ही गुण दिले होते, त्याच रात्री, मेणबत्तीपाशी,
न बघितलेल्या टेकण्याचे.
बाबांनी साडेअठरा. फकिरप्पाने साडेएकोणीस.
मी मधला कायतरी आकडा दिला.
नियमाने वरचा जातो, खालचा जातो,
म्हणजे माझाच धरायचा.

वही माझ्याकडे आहे. दुकान नाही.
फकिरप्पा बैलहोंगलला मुलीकडे असतो, ऐकू कमी येतं.
माझा आकडा मी त्या रात्री इतक्यांदा खोडला
की तिथे कागदाला भोक पडलंय,
आणि त्यातून मागच्या पानावरचा
कुणाच्यातरी अर्ध्या एच.पी.च्या मोटरीचा
तारेचा नंबर दिसतो:

बावीस.
विसांपैकी.