टंच

विट्यात स्टँडमागं बँकेची शाखा आहे.
काचेपलीकडं आफरीन मुल्ला बसते.
तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली.
सहाशे एक्केचाळीस.

मी म्हटलं, शंभरात किती?
ती म्हणाली, शंभरात नसतं काका,
तीनशेला सुरू होतं, नऊशेला संपतं.

नऊशे!
मला हसू का आलं, ते तिला कळलं नाही.
सव्वीस वर्षं कोइमतूरला गलाईची भट्टी फुंकली,
बांगडीच्या आतला नऊशे सोळा वाचून वाचून
डोळ्याला चष्मा लागला.
म्हणजे माणूस कितीही चोख निघू दे,
बावीस कॅरेटच्या सोळा पायऱ्या खालीच.

काळ्या दगडावर रेघ ओढायची,
तेजाबाचा थेंब सोडायचा.
तांबं हिरवं होऊन निघून जातं, सोनं बसून राहतं.
हे मी झोपेत करीन.
पण माझी रेघ कुणी ओढली, कधी,
मला न विचारता?
(सोन्याला तरी आपण कुठं विचारतो.)

सात पानं निघाली.
पहिल्या पानावर मी तीन जण होतो:
हणमंत, हणमंतराव, आणि हनमंथ,
हा शेवटचा तमिळ मुलखातून
त ऐवजी थ घेऊन आलेला.
पत्ते चार. त्यातल्या एका पत्त्यावर आता मॉल आहे.

तिसऱ्या पानावर हप्त्याचा मोबाईल.
दुकान उठलं, शेवटचे अकराशे चाळीस राहिले.
मोबाईल फुटला, मी विसरलो,
कागदानं मात्र महिन्याच्या महिन्याला
एक एक लाल चौकोन भरत
सहा वर्षं माझी आठवण काढली.

चौथ्यावर मेहुण्याचा टेम्पो.
जामीनदार: मी.
मांडवात शिवदासनं पेन पुढं केला,
माझ्या डाव्या मुठीत अक्षता होत्या, उजवीनं सही केली.
पुढं निम्म्यावर मिटवलं होतं ते.
आफरीन म्हणाली, मिटवलं वेगळं आणि फेडलं वेगळं.
एवढीशी पोरगी. पण बोलली ते
आमच्या पंचांना जन्मात सुचलं नसतं.

स्लॅबसाठी मार्चमध्ये पाच ठिकाणी विचारलं होतं.
पाचही दारांनी कर्ज दिलं नाही,
फक्त लिहून ठेवलं, हा माणूस घाईत आहे.

आणि शेठनं नुसत्या मानेच्या हालचालीवर
अर्धा किलोचा गठ्ठा हातात दिलेला,
गुंजभर कमी न करता मी परत केलेला,
ते कुठल्या पानावर?
शेवंतानं वीस वर्षं भिशी चालवली,
एका बाईचा नंबर चुकला नाही.
तिचं नाव घालून बघ म्हटलं.
घातलं. माहिती उपलब्ध नाही.

मी जरा ताठ बसलो. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग सातवं पान पालथं केलं, कोरं होतं,
आणि पोपट शिंदे आठवला.
सेलमचा. थोरलीच्या बाळंतपणात
मूस थंड व्हायच्या आत पाच हजार मोजणारा.
धुरानं छाती गेली त्याची. बायको लेंगऱ्याला असते.
लग्नात भेटते, पोरं कशी आहेत विचारते,
पैशाचं कधी काढत नाही.

आफरीन सांगत होती,
अकराशे चाळीस भरा, पत्र घ्या,
नावाची दुरुस्ती टाका, हप्ता तारखेच्या आधी,
सहा-आठ महिन्यांनी परत बघू, चढेल.
मी म्हटलं, जे इथं लिहिलेलंच नाही
ते कुठं भरायचं?
ती म्हणाली, खाते नंबर काय?

बाहेर लेंगऱ्याची गाडी लागली होती.
चढलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं?
तिकीट घेतलं, खिडकीशी बसलो,
आणि अठ्ठावीस वर्षांचं व्याज
कुठल्या दरानं धरावं,
हे बोटांवर मोजत राहिलो.