चिमूट

दर मंगळवारी साडेदहाला
हार्लन डील येतो चेंबर्सबर्गच्या आमच्या दवाखान्यात
आणि टेबलावर उजवा हात ठेवतो,
दुकानात परत करायला आणलेल्या वस्तूसारखा.
मी अंगठ्याच्या मुळाशी दाबते.
तो खिडकीबाहेरच्या मळकट बर्फाकडे बघत राहतो.
किती दुखतं, दहापैकी?
"ते कोयीवर आहे," म्हणतो.

जन्मभर लोकांच्या बागांत पीच खुडले,
खोकी उचलली, ट्रक हाकले,
आणि जेवणानंतरच्या फळाची कोय
शर्टाच्या टोकाला पुसून खिशात टाकली.
संध्याकाळी मागच्या पायरीवर एक चाकू, एक कानस.
भुसा पडायचा चिमणीच्या न्याहारीएवढा.

त्याच्या बायकोच्या बटणांच्या डब्यात
अजून आहेत सगळी:
कडीची टोपली, स्वतःचीच शेपटी धरून बसलेलं माकड,
एक घुबड, ज्याचा एक डोळा घाईत झालाय.
विकली कधीच नाहीत.
"विकायला किंमत सांगावी लागते," वर्ना म्हणाली,
"आणि याला आकडे लाजवतात."

एकदा त्याने टोपली माझ्या तळहातावर ठेवली.
लांबून ती काहीच नव्हती, वाळका कचरा.
चष्मा कपाळावर चढवून जवळ नेली
तर माझाच आवाज खाली आला,
बाळ निजलेल्या खोलीत येतो तसा.
विणीसारखं जे दिसत होतं
त्या कोयीच्या मूळच्या सुरकुत्या होत्या.
त्या झाडाने घातलेल्या.
हार्लनने फक्त आत उजेड जाईल
एवढी जागा केली होती.

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे
प्रत्येकीला वेगळं नाव आहे:
आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका.
चिंचोका त्याला आवडला.
जाताना दारात थांबून
त्याने तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला,
च जरा जास्तच चावत.

मग मी एक कोय नेली.
मेक्सिकोचा आंबा, सुपरमार्केटातला, चवीला यथातथाच;
कोय हीटरवर आठवडाभर वाळवलेली.
त्याने उलटीसुलटी केली, नखाने ओरखडली, हसला.
"यात लाकूड कुठंय? ही नुसती दाढी आहे."
तरी रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

तीन मंगळवार त्याने विषय काढला नाही.
मीही नाही.
आम्ही रबराचा चेंडू दाबला,
मेणाच्या गरम भांड्यात बोटं बुडवली,
कपड्यांचे चिमटे एका दोरीवरून
दुसऱ्या दोरीवर नेले.

चौथ्या मंगळवारी रुमाल उघडला.
जुन्या टूथब्रशने विंचरलेले धागे,
आणि वर, पुसट, जेमतेम,
दोन डोळे.
बाकी कुठे चाकू लागलेला नव्हता.
नाक नाही, तोंड नाही.
म्हातारा मात्र पुरता होता,
आणि कुणाची तरी वाट बघत होता.

"एवढंच," हार्लन म्हणाला.
अंगठ्याने एवढंच करू दिलं
की त्यालाच पुढे जायचं नव्हतं,
मी विचारलं नाही.
फाइलमध्ये लिहिलं:
चिमटीचा जोर, तीन पौंड. मागच्या वेळेइतकाच.

मे महिन्यात विम्याच्या बारा खेपा संपल्या.
तेराव्या मंगळवारी साडेदहाला
दुसरंच कोणी आलं.

म्हातारा माझ्या कॉम्प्युटरपाशी असतो.
दाढी आता चहाच्या रंगाची झालीय.
मनगट मोडलेली ती शाळकरी मुलगी,
व्यायामाला कंटाळलेली, काहीही उचलायला नकार देणारी,
परवा त्याच्याकडे बघत बसली
आणि न विचारता हात पुढे केला.
जोर मोजायचं यंत्र मी हळूच बाजूला सारलं.
अंगठा, तर्जनी.
किती घट्ट, किती सैल,
बोटांना कोणी सांगितलं नव्हतं.