ऊन हात

समुद्रातून राख आली तेव्हा मी सहा वर्षांची होते.
सत्तावन्न साल, फायाल बेट,
मक्याची कणसं खुडायला आलेली.
आधी पिठासारखी बारीक.
आई चार दिवस अंगण झाडत राहिली,
मग झाडू भिंतीला टेकवून ठेवला.
पुढच्या आठवड्यात झाडूही बुडाला.

शेत कुठं गेलं, मी विचारलं.
"खाली आहे," बाबा म्हणाले,
झोपलेल्या माणसाविषयी बोलावं तसं, हळू.

आमचं शेत म्हणजे मुळात दगडच.
पणजोबांनी एकेक उचलून कडेला रचला,
बांध वर चढत गेला
तसतशी मधली जमीन उघडी पडली.
त्यांचं नाव मला नीट माहीत नाही.
मानुएल असावं. तेव्हा सगळेच मानुएल असत.
डोक्याएवढे उंच बांध, आत थोडा मका, रताळी,
आणि एक तांबडी गाय,
जिला वळायचं तर आधी मागं सरावं लागे.

कॅलिफोर्नियात, टुलेरीला उतरलो
त्या संध्याकाळी बाबा रानात जाऊन वाकले.
मूठभर माती बोटांतून गाळली,
चार पावलं पुढं जाऊन आणखी एक मूठ.
"एकही दगड नाही गं, इदालिना,"
ते आईला म्हणाले,
पण आवाज असा,
की भरल्या गावात ओळखीचं कुणी भेटलं नाही.

रान आमचं नव्हतंच, डायकेमाचं होतं.
त्याच्या तीनशे गाई, कानांत आकडे.
बाबा त्यांना नावं देत गेले.
मावश्या संपल्या, आत्या संपल्या,
मग गावातल्या भांडखोर शेजारणी घेतल्या.
एकशे बारा नंबरची व्हितालिना
खऱ्या व्हितालिनासारखीच, न सांगता लाथ मारायची.

धारा यंत्रानं निघत,
तरी बाबा आधी तळहात घासायचे,
तोंडाची वाफ द्यायचे,
मगच सडांना हात लावायचे.
वेळ जातो, डायकेमा म्हणायचा.
इंग्रजी येत नव्हतं तोवर बाबांना ते कळलं नाही,
आल्यावर त्यांनी ते ऐकलं नाही.
गार हाताला गाय पान्हा चोरते,
हे आजोबांचं वाक्य.

आजोबा आले नाहीत.
पत्रात फक्त राखेची खबर:
पावसानं वीतभर खचली.
अजून वीतभर.
आणि तिसऱ्या वर्षी, मोठ्या अक्षरांत,
वरच्या बांधाचा माथा दिसला.

मी शेती केली नाही.
फ्रेझ्नोच्या इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होते.
एका रात्री लाओसची एक म्हातारी,
बोटं उसाच्या पेरांसारखी,
कुणाला हात लावू देईना.
मी तळहात घासले, फुंकर घातली,
तिचं मनगट धरलं.
तिनं माझा हात उलटा करून पाहिला,
काहीतरी विचारलं.
लेक म्हणाली, "आई विचारतेय,
तुमच्याकडं काय पिकायचं?"

"दगड," मी म्हणाले.

लेकीनं सांगितलं. म्हातारी हसली,
खोकला येईपर्यंत हसली,
आणि तिनं तीन बोटं वर केली.
आमच्याकडं तीन पिकं निघायची. दगडांचीच.

आता मी निवृत्त आहे.
गेल्या शनिवारी बाजारात जाऊन
रोख पैसे मोजून अठरा दगड आणले.
लोरेन्सो पावती हातात घेऊन बघतच राहिला.
"तुझ्या पणजोबांना हे कळलं असतं तर?"

कोबीच्या वाफ्याभोवती मी ते रचले.
अडवायला काही नाही, वारासुद्धा नाही.
रचना वाकडी झाली, दोनदा ढासळली.
तिसऱ्यांदा, दगड उचलण्याआधी,
माझ्या लक्षात आलं,
मी हात ऊन करत होते.