गाबोळी

कढई आईची. तिच्या आधी कुणाची, ठाऊक नाही.
एका जागी काठ दबलाय, तिथून तेल गळतं.
आईच्या वेळी चांगू यात मावत नसे,
शेपटी बाहेर राही, कच्ची.
ती मी विस्तवावर धरून खायची.

मग मासा मावू लागला.
मग दोन मावले. मग सहा.
ज्या वर्षी चाळीस मावले, त्या वर्षी
मोंबासाहून येणारी बर्फाची गाडी बंद झाली,
आणि एक गिऱ्हाईक म्हणालं,
म्वानाकोंबो, हे मासे तळतेस की तांदूळ?
मीही हसले.
तेल तेवढंच लागत होतं.

गोरखचिंचेखाली सभा भरली.
म्हातारे ब्वानाहेरी काठीने वाळूत रेघ ओढत म्हणाले,
खाडीच्या तोंडापासून पडक्या मशिदीपर्यंत
यापुढे जाळं नाही, गळ नाही, भालाही नाही.
किती दिवस?
ते त्यांनाही माहीत नव्हतं.
माझी जाऊ उठून ओरडली,
पोरांना काय, हे पिवळे बोये शिजवून घालू?

बोये बांधले गेले.
वर्षभर मी कसावा तळला.
लोक खायचे,
माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या वर्षी, कुसी वारा पडायच्या सुमाराला,
पहाटे मागच्या दारी आथुमानी, माझा दीर.
टोपलीत चार चांगू, गोणपाटाखाली.
लांबचे आहेत, म्हणाला, खोल पाण्यातले.
त्याच्या पायाला खाडीचा चिखल होता.

मी एकाचं पोट चिरलं.
आत गाबोळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पिवळीधमक, दोन्ही हातांत न मावणारी.
किती वर्षांनी पाहिली!
एरवी मासा अंडी धरायच्या आधीच
माझ्या तेलात यायचा.
मीच तळायची त्याला. चाळीस-चाळीस.

आथुमानीला चार पोरं. धाकटीला माझंच नाव.
मी त्याला पूर्ण भाव दिला, पैसे मोजून,
आणि तो गेल्यावर चारही मासे
गोरखचिंचेखालच्या चटईवर नेऊन ठेवले,
पोटं उघडी करून.
कुणी आणले, मी सांगितलं नाही.
कुणी विचारलंही नाही.
ब्वानाहेरी बराच वेळ नुसते बघत बसले,
मग एका बोटाने गाबोळीला हात लावला,
झोपलेल्या बाळाला लावावा तसा.
माशा यायला लागल्यावर मी घरी आले.

त्यालाही आता सहा वर्षं झाली.
आथुमानी माझ्या दारावरून जात नाही,
लांबचा रस्ता धरतो.
मासे मात्र बायकोच्या हाती पाठवतो,
बोयांच्या बाहेरचे, शपथेवर.
मी तरी पोट चिरून बघतेच.

आज कढईत अकरा मावले.
नात विस्तवाशी बसली होती. तिला म्हटलं,
अजून थोडी थांब, शेपटी मिळेल.
ती म्हणाली, कसली शेपटी?