ओळ एकशे अठरा

चारशे बारा ओळींची फाईल.
डावीकडं इंग्रजी, उजवीकडं माझं मराठी.
वसमतला, मोंढ्यामागच्या माडीवर,
खिडकी उघडली की कीबोर्डावर हळदीची भुकटी.

एकाच बटणाला तीन नावं दिली मी:
सोमवारी 'रद्द करा', बुधवारी 'मागे घ्या',
आणि एका थकल्या शुक्रवारी 'राहू द्या'.
कुठं आपण, कुठं तुम्ही,
एका ठिकाणी चक्क तू. भांडून आले असणार.
म्हटलं, कोण वाचतंय.

जुबेर वाचतो. दवाखान्याच्या खिडकीवर, मोठ्यानं,
कारण काचेचं भोक बारकं
आणि पलीकडं कुणाला ऐकू जात नाही.

त्या दिवशी रेवताला सुट्टी मिळाली होती.
दुपट्यात मूल, हातात पिवळा कागद.
तारखेत चौदाच्या जागी एक्केचाळीस पडलं,
पडदा लाल झाला, जुबेरनं वाचलं:
"बाळ. अवैध."

रांग गप्प.
सासू पुढं सरकली, "काय म्हणायलंय ते मशीन?"
रेवता काही बोलली नाही,
दुपट्याचं टोक तेवढं ओढून घेतलं.

मी पाचवी होते रांगेत, भावजयीच्या रिपोर्टसाठी.
ओळ एकशे अठरा. माझी.
शब्दकोशाप्रमाणं बरोबर.

रात्री पुण्याच्या प्रोग्रामरला लिहिलं:
वाक्य तोडून पाठवू नका.
'बाळ' एका ओळीत, 'अवैध' दुसऱ्या,
आणि सांधणार कोण, तर मशीन?
आमचं क्रियापद शेवटी येतं,
तोवर थांबावं लागतं.
तो म्हणाला, जागा चोवीस अक्षरांची.
मी विचारलं, 'क्ष' किती धरता?
उत्तर आलं नाही. जागा वाढली.

एकशे अठरा आता अशी:
"ही तारीख जुळत नाही. पुन्हा लिहा."
चूक तारखेची. बाळाचा उल्लेख नाही.

मग वहीत दोन रकाने आखले,
एका गोष्टीला एकच शब्द. सगळीकडं तुम्ही.
अडले ते महिरपी कंसापाशी.
त्यात मुलगा येईल की मुलगी,
नोंदला की नोंदली, आधी कसं कळावं?
तीन दिवस गेले त्यात.
शेवटी 'यांची' लिहिलं.
आदराला लिंग लागत नाही, एवढंच सुचलं.

ओळ दोनशे सहा अजून अडलेली आहे.

काल खिडकीवर अंजुम होती,
कुशीत एक दिवसाचं काहीतरी, मिटल्या मुठींचं.
"बेबी ऑफ अंजुम यांची नोंद झाली,"
जुबेर वाचता वाचता थांबला,
दुपट्याकडं बघितलं
आणि जरा सरळ बसला.