आले आणि गेले

गोळीबार चौकात हेडाऊंचं दुकान :
कूलरचे पंप, वाळ्याच्या ताट्या, फ्लोट,
आणि चार उन्हाळ्यांच्या लाल वह्या,
घामानं पानं चिकटलेल्या.

पंपांच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी म्हटलं,
"सरळ रेघ चालणार नाही. थंडीत ती
उणे दोन पंप विकेल."
"येतात ना वापस," हेडाऊ म्हणाले, "जळलेले."

म्हणून पॉयसन.
पारा बेरजेनं चढतो,
त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.
गिऱ्हाईक येतं गुणाकारानं.
इतकं नेमकं बसलं की माझाच मला संशय आला.

मग अठरा मे. एका दिवसात एकतीस पंप.
पॉयसनचा समज असा, की
सरासरी जेवढी, पसाराही तेवढाच.
कामठी रोडच्या वसतिगृहाला
हे कोणी सांगितलं नव्हतं.
मी पसारा मोकळा सोडला,
ऋण द्विपदीत वसतिगृह मावलं.

उरली शून्यं.
नवतपा, सेहेचाळीस पूर्णांक दोन,
आणि वहीत सलग तीन दिवस
गोल, स्वच्छ शून्य.
मॉडेल म्हणत होतं बावीस.

सकाळपासून ताट्या बांधत बसलेला
वामन पौनीकर तेव्हा पहिल्यांदा बोलला.
"पंपच नव्हते न बाई तेव्हा.
गाडी बुटीबोरीले अटकली होती.
लोकं तं आलते."

किती?

आकडा त्याच्याकडे नव्हता.
"टेक्याची एक बाई, कडेवर लेकरू,
डोक्शावर ओला दुपट्टा.
एक रेल्वेतला, तो दोनदा आला.
अन् एक म्हातारा, त्याले पंप नाही,
खालची जाळीच पाह्यजे होती.
तेही नव्हती."

एक शून्य म्हणजे कोणाला नको होतं.
दुसरं म्हणजे आमच्याकडे नव्हतं.
शाई एकच.

"जे विकलंच नाही," हेडाऊ म्हणाले,
"ते लिहाचं कशाले?"

तरी मी विक्रीच्या शेजारी रकाना आखला :
आले आणि गेले.
वामन तो भरतो, काड्या मारून,
पाचवी आडवी.

यंदाचा अंदाज मी दिला आहे,
एप्रिलसाठी, मेसाठी, खालीवर किती चुकेल त्यासकट.
हेडाऊंनी त्यात आपले दहा टक्के मिळवले,
मला न विचारता.

जानेवारीच्या पानावर मात्र
अकरा अंशांच्या एका सकाळी
एकच काडी आहे.
कोणतंच मॉडेल तिथे काही म्हणत नाही.

वामनला विचारलं.
"तोच म्हातारा," तो म्हणाला.
"जाळी आली का, पाहाले आलता."