डागडुजी

वेळागरच्या सुरूबनासारखी
कपाळावर सरळ रेघ.
एकेका खड्ड्यात तीन-तीन केस, मधे कोरडी वाळू.
साखरपुड्याआधी सवलतीत लावून घेतलेली.
लग्न मोडलं. रेघ राहिली.

पणजीचा डॉक्टर म्हणाला, दोन वाटा आहेत:
मधे मधे बारीक केस पेरू,
नाहीतर पुढची ओळ उपटू, वर्षभर थांबू,
मग बघू.
मागचं रान मोजलं त्यानं. अकराशे मुळं शिल्लक.
चुकायला आता जागा नाही.

होडीच्या सावलीत बसलो, टोपी दाबून.
वाऱ्याला नेमकी टोपीच हवी असते.
शेजारी इनास जाळं सांधत होता.
भोक वीतभर, त्यानं कातरीनं हातभर केलं.
"अरे, वाढवतस कित्याक?"
"कुजको धागो गाठ धरणा नाय.
चांगलो गावसर कापूक व्हया."

मी टोपी काढली.
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही,
फक्त सुतळीचं टोक धरायला दिलं.

वर्षभर उघडं, व्रणांचं कपाळ.
आईला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
सकाळी फोन लावला: उपटूया.
पलीकडची मुलगी म्हणाली,
डॉक्टर बुधवारी असतात.